चेपलेला चालेल, फुगलेला नाही

गल्लीत त्यांना 'निम्म्या भावाच्या वहिनी' म्हणत आणि वहिनींना त्याचं काही वाटत नसे. उलट पूर्ण भाव मोजून ऐटीत घरी येणाऱ्या बायकांची त्यांना मनातून कीव यायची. बाजार उठता उठता भाजी घ्यावी, साबणाच्या उरलेल्या चिपा ओल्या फडक्यात दाबून नवी वडी करावी, चार घरांनी मिळून पिठाचं पोतं आणावं, हे कुणीही करतं. वहिनींची खरी करामत डब्यांची. मोठ्या दुकानाच्या मागच्या दाराशी दर शनिवारी गोदामवाला पडलेले, आपटलेले डबे निम्म्या भावाने काढायचा. मटार, मका, टोमॅटो, पाकातल्या फळांच्या फोडी. आतला माल तोच, नुसता पत्र्याला पोचा. "पत्रा कोण खातंय?" असं म्हणून वहिनी पिशवी भरायच्या.

पण आंधळेपणाने नाही. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पोरांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता: चेपलेला चालेल, फुगलेला नाही. पोचा बाहेरून पडतो, फुगवटा आतून येतो. आत काहीतरी नासतं, वायू धरतं आणि पत्र्याला ढकलतं. वहिनींच्या लहानपणी शेजारच्या खोलीतला शिंपी असला डबा खाऊन गेला होता. धडधाकट माणूस, चार दिवसांत आटोपला. त्यामुळे मागच्या दाराशी कितीही झुंबड असो, वहिनी प्रत्येक डब्याच्या दोन्ही तोंडांवरून अंगठा फिरवूनच तो पिशवीत टाकत.

गेल्या शनिवारी मात्र धक्काबुक्कीत एक निसटला. घरी येऊन पिशवी उपडी केली तेव्हा मक्याच्या तीन डब्यांतला एक दोन्हीकडून टम्म निघाला. तो तिथल्या तिथे उकिरड्यावर जायला हवा होता. पण फेकला तर पैसे गेले, आणि गोदामवाल्याच्या नाकासमोर धरला तर बदली मिळेल, या हिशेबाने वहिनींनी तो दारामागे ठेवून दिला. शहाणा माणूस वेडेपणा करतो तो असा, हिशेब करून.

मंगळवारी दुपारी जेवणं आवरल्यावर त्या दुकानाकडे निघाल्या. दारामागे हात घातला तर हाताला नुसती भिंत लागली.

"आई, इथला डबा कुठाय?"

सासूबाई खिडकीशी बसून जुना स्वेटर उसवत होत्या. त्या लोकरीचा धाकट्यासाठी नवा व्हायचा होता. "कुठला गं?"

"दारामागचा. मक्याचा. फुगलेला."

"तो होय! त्याने रविवारीच सरळ केला की. तू भाजीला गेली होतीस. म्हणाला, हा एकटाच कसा राहिला? शिकंज्यात धरला, दोन टोले दिले, कसा गुळगुळीत! फळीवर ठेवलाय बघ बाकीच्यांत. माझ्या लेकाचा हातच सोन्याचा."

वहिनींनी चौकट धरली.

सासूबाईंचा लेक, म्हणजे वहिनींचे यजमान, गॅरेजमध्ये गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. चेपलेले डबे फळीवर एकावर एक नीट बसत नाहीत, म्हणून दर रविवारी ते लाकडी हातोडी घेऊन बसत आणि एकेक डबा सुतासारखा सरळ करून देत. बायकोला मदत होते याचा त्यांना केवढा अभिमान! आणि वहिनींनी तो नियम पोरांना सांगितला होता, शेजारणींना सांगितला होता, खुद्द गोदामवाल्याला ऐकवला होता. नवऱ्याला तेवढा सांगायचा राहिला होता, कारण बाजारहाट हा त्यांचा प्रांतच नव्हता.

फळीवर मक्याचा एकच डबा होता. वहिनींनी तो खाली काढला, उजेडात धरला, अंगठा फिरवला. सपाट. उस्तादांनी कामात कसूर ठेवली नव्हती. तीन डबे होते, एक हा. एक काल रात्री थोरलीने फोडला आणि घरात सगळ्यांनी मिळून खाल्ला. आणि एक आज सकाळी वन्सं येऊन गेल्या, तेव्हा वहिनींनीच त्यांच्या पिशवीत आग्रहाने कोंबला होता.

काल थोरलीने दोनदा वाढून घेतलं होतं. धाकट्याने ताटली चाटली होती. आणि आज सकाळी तोच धाकटा पोट दुखतंय म्हणाला, तेव्हा शाळा बुडवायची नाटकं म्हणून वहिनींनी त्याला दप्तर पाठीवर देऊन हाकलला होता.

"आई, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझंच तोंड का असं पांढरं फटक पडलंय?"

कालचा रिकामा डबा घासून खिडकीत पालथा घातलेला होता. तो आणि फळीवरचा भरलेला, दोन्ही पिशवीत टाकून वहिनी जवळजवळ धावतच सुटल्या.

गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे. आत ठोकाठोकीने कान किटत होते आणि पत्र्यावर फासायच्या लांबीचा वास नाकात जात होता. दरवाजे काढलेल्या एका गाडीखालून उस्तादांचे पाय दिसत होते. पिशवी बघून रंग मारणाऱ्याने हाळी दिली, "उस्ताद, या बाहेर! वहिनी दुसऱ्यांदा जेवायला वाढताहेत!" दोघं-तिघं खदखदले. वहिनींचा चेहरा पाहून मग ते आपोआप गप्प झाले.

"अहो, रविवारी तुम्ही तो फुगलेला डबा चेपलात?"

"चेपला कसला, सरळ केला," उस्ताद हात पुसत उठले. "बाकीच्यांचा पत्रा आत गेलेला, याचा बाहेर आलेला. वाकडा तो वाकडाच ना?"

वहिनींनी सांगितलं. तुटक तुटक सांगितलं. उस्तादांच्या तोंडावरचं हसू जिथल्या तिथे थिजलं.

"मला काय ठाऊक गं," ते एवढंच म्हणाले.

"आता कसं कळायचं कुठला होता तो?"

उस्तादांनी हात वर करून ठोकाठोकी थांबवली. भरलेला डबा घेतला, डोळे मिटले आणि दोन्ही तोंडांवरून बोटं फिरवली. ताणलेला पत्रा परत बसवला तरी तो कुठेतरी सैल राहतो, डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लागतो. गाडी अपघातातली आहे की नाही हे ते असंच सांगायचे. "हा नाही," ते म्हणाले. मग रिकाम्याचं बूड. त्याला फार वेळ लागला.

"हाही नाही."

"पुन्हा बघा."

पुन्हा बघितलं. "नाही गं. हा नुसता आपटलेला होता." आणि मग त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे ताईकडे गेलाय तो."

"धाकट्याचं पोट दुखत होतं सकाळी."

उस्तादांनी आपल्या हातांकडे बघितलं. "हात म्हणतोय की हा नाही. पण घोळ याच हातांनी घातलाय ना! मी शाळेत जाऊन पोरांना बघतो. तू ताईकडे हो. आधी फोन लाव तिला."

वहिनींनी फोन लावला. एक घंटा वाजली, दुसरी वाजली आणि पलीकडून कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग वन्संकडूनच एक घंटा आली आणि थांबली. वहिनींना रडू फुटायचं तेवढं राहिलं. या कुटुंबाची रीतच तशी होती. घरी पोचलं की एक घंटा द्यायची आणि समोरच्याने ती उचलायची नाही. निरोप पोचला आणि बोलण्याचा खर्च वाचला. वहिनींनीच ती रीत घातली होती आणि वन्संना एकदा चुकून उचलल्याबद्दल चार शब्द सुनावलेही होते. आता वन्सं समजत होत्या की सगळं क्षेम आहे. नंतर लावलेले फोन नुसतेच वाजत राहिले. वन्संनी तो कुठेतरी ठेवून दिला असावा.

वहिनी रस्त्यावर आल्या आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पाय सवयीने तिथेच गेले. वन्संकडे दुपारचं जेवण उशिरा असतं, पानं आता वाढत असतील, त्यांचे म्हातारे सासरे आधी जेवतात, असं सगळं डोळ्यांपुढे येत होतं आणि वहिनी बसची वाट बघत होत्या. समोरून एक रिकामी टॅक्सी गेली, दुसरी गेली. तिसरी दिसली तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला की आपण भाड्याचे पैसे वाचवायला उभ्या आहोत. त्या रस्त्याच्या मधोमध धावल्या. टॅक्सीवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि म्हणाला, "मावशी, मरायचंय का?"

"मला नाही हो," वहिनी म्हणाल्या आणि आत बसल्या. "हाणा लवकर."

वाटेत नजर तरी मीटरवर जातच होती. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि डोळे झाकले. तेवढ्यात फोन एकदा वाजला आणि थांबला. उस्तादांचा. म्हणजे पोरं ठीक होती. धाकटा बहुधा मैदानात उंडारत असेल. एक दगड उतरला, पण दुसरा तसाच छातीवर होता. तो दुसऱ्याच्या घरचा होता म्हणून हलका नव्हता, उलट जास्तच जड होता. आपल्या हाताने दिला होता. नको नको म्हणत असताना दिला होता.

वन्संचं घर तिसऱ्या मजल्यावर. वहिनींनी दारावरची घंटा दाबली ती सोडलीच नाही.

"अगं हो, हो! आग लागलीय का?" वन्संनी दार उघडलं. आज लवकर जेवून आडव्या झाल्या होत्या. "वहिनी? तू? आणि मघापासून सारख्या घंटा काय देतेयस?"

"वन्सं, तो डबा! मक्याचा! खाल्लात?"

"नाही."

"कुणीच नाही? तुमच्या मामंजींनी?"

"नाही गं बाई, उघडलासुद्धा नाही."

वहिनी तिथेच उंबऱ्यात मटकन बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं. वन्सं घाबरून पाणी घेऊन आल्या. दोन घोट घेतल्यावर वहिनींनी सगळं सांगितलं आणि हात पुढे केला. "द्या तो इकडे. आता मीच फोडून गटारात ओतते."

वन्सं पेल्याकडे बघत राहिल्या.

"तो घरात नाहीये," त्या म्हणाल्या.

"मग?"

"रागावू नकोस हं वहिनी. यांना ते निम्म्या भावाचे डबे चालत नाहीत. तुला नको म्हणावं तर तुझं मन मोडेल. आणि खाण्याची वस्तू, कचऱ्यात टाकवत नाही. म्हणून मी ते खाली कचऱ्याच्या पिंपाशेजारी कठड्यावर ठेवते. कुणीतरी घेऊन जातं."

"ते? म्हणजे सगळे?"

"पहिल्यापासून," वन्सं अगदी हळू म्हणाल्या.

वर्षानुवर्षं निवडून, पारखून, आपल्या पोरांच्या फळीवरून काढून दिलेले डबे. वहिनींना मुस्काटात बसल्यासारखं झालं. दुसरा कुठला दिवस असता तर त्यांनी पुन्हा त्या दारात पाय ठेवला नसता. पण आज दुखायलाही सवड नव्हती, कारण वन्संचं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात घणासारखं पडत होतं. कुणीतरी घेऊन जातं.

त्या जिन्यावरून धडधडत खाली आल्या. कठडा रिकामा होता.

"सकाळीच गेला की तो," रखवालदार खुर्चीतून न उठता म्हणाला. "इथं ठेवलेलं टिकतं होय?"

"कुणी नेला?"

"कोण जाणे. मागच्या गल्लीतलं असेल कुणी. वरचे लोक काय कठड्यावरचं उचलतात?"

मागची गल्ली म्हणजे बैठ्या खोल्यांची एक लांबलचक रांग. एकसारखी दारं, दोऱ्यांवर कपडे, दारादारांत बादल्या. यातल्या कुठल्या दाराआड तो डबा आहे? वहिनी जन्मभर मागच्या दाराने, आवाज न करता खरेदी करत आल्या होत्या. आता त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडल्या. "कठड्यावरचा मक्याचा डबा कुणी नेलाय? तो खाऊ नका! खराब आहे! विष झालंय त्याचं!"

खिडक्या उघडल्या. "काय विकताय?" एक आवाज आला. कुणी हसलं. वहिनी पुढे सरकल्या, पुन्हा ओरडल्या. दारं वाजवली. कुणी मान हलवली, कुणी तोंडावर दार लावलं. आणि ओरडता ओरडताच त्यांच्या ध्यानात आलं की ज्याने नेला असेल तो कबूल कशाला होईल? उचललेल्या वस्तूचा मालक दारात आला म्हटल्यावर त्या स्वतः तरी झाल्या असत्या का?

म्हणून मग त्यांनी विचारणं सोडलं आणि वास घेत निघाल्या.

शेवटून दुसऱ्या खोलीत एक इस्त्रीवाली कपड्यांच्या ढिगाआड उभी होती. मागे खाटेवर दोन लहान पोरं, ताटल्या मांडीवर घेऊन बसलेली. चुलीवर पातेलं. वास मक्याचा होता, आणि त्याच्या खाली आणखी कसलातरी आंबूस.

"आम्ही नाही कुणाचं काही चोरलं," वहिनींनी तोंड उघडायच्या आत इस्त्रीवाली म्हणाली.

"चोरलं कोण म्हणतंय? मला परत नकोय तो. मीच दिलेला आहे, आणि तो..." वहिनी तिला बाजूला सारून आत शिरल्या, फडकं न घेताच पातेलं उचललं आणि दारातल्या मोरीत पालथं केलं. बोटं भाजली, ते नंतर कळलं.

थोरल्या पोराने भोकाड पसरलं. इस्त्रीवाली वाघिणीसारखी अंगावर आली. "पोरांच्या तोंडचा घास काढतेस? लाज नाही वाटत?"

"उघडला तेव्हा फुस्स झाला की नाही? खरं सांगा."

इस्त्रीवाली थांबली. "झाला. वासही आला जरासा. म्हणून मी दोन पाण्यांनी धुतला. म्हटलं, चांगला उकळला की जाईल. अख्खा डबा टाकायचा कसा?"

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. हेच, अगदी ह्याच शब्दांत, त्यांच्या तोंडून आलं असतं. "खाल्लं का कुणी?"

इस्त्रीवालीने पोरांच्या ताटल्यांकडे बघितलं.

"बोला हो! पोरांनी?"

"पोरांना अजून वाढलं नव्हतं," इस्त्रीवाली म्हणाली. "मी चाखलं. मीठ बघायला. एक चमचा."

दवाखाना कोपऱ्यावरच होता. इस्त्रीवाली म्हणत होती, एका चमच्याने काय होतंय, आणि तिथे पैसे मोजावे लागतात. वहिनींनी तिचा दंड सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ बघितली, डोळ्यांत उजेड टाकला, उकळी फुटायच्या आधी चाखलं की नंतर ते विचारलं. "बुडबुडे येत होते," ती म्हणाली.

"तेवढं बरं. उकळल्याने विष मरतं, पण पुरतं मेलं होतं का ते मी सांगू शकत नाही. मोठ्या दवाखान्याला कळवून ठेवते. उद्यापर्यंत एकट्या राहू नका. एकाचे दोन दिसायला लागले किंवा जीभ जड झाली, तर क्षणभरही थांबायचं नाही. आता तूर्त इथेच बसा."

दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. वहिनींनी शेजारच्या दुकानातून भाव न विचारता पाव आणि दूध आणून पोरांपुढे ठेवलं होतं. पोरं बाकाच्या टोकाला बसून मुकाट्याने खात होती. इस्त्रीवालीने हात मांडीवर घट्ट धरले होते. रात्रीपर्यंत द्यायचे कपडे तसेच पडलेत, असं ती मध्येच म्हणाली. त्या पोरांचं दुसरं कुणी आहे का, हे विचारायचं वहिनींना धाडस होईना.

"तो कठड्यावरचा माल नेहमी तुमचाच असायचा?" इस्त्रीवालीने विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, वरच्या कुणाचातरी. त्यांच्या घरात जास्त झालेला." तिने धाकट्या पोराचं दुधाने भरलेलं तोंड पुसलं. "चांगला असायचा हो. त्या गोड फोडींचं तर पोरं अजून नाव काढतात. काम नव्हतं ना तेव्हा, तुमच्या डब्यांवरच दिवस काढलेत आम्ही."

वहिनींनी तोंड दुसरीकडे फिरवलं. कुणी आपल्याला इतकं चांगलं म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं आणि नेमकं याच बाकावर बसून ते ऐकायचं होतं. डोळे पुसून त्या पुन्हा तिच्याकडे वळल्या आणि तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला.

"बघा माझ्याकडे. किती दिसतेय मी?"

"एकच."

"नीट बघा."

"एकच आहात, बाई," इस्त्रीवाली म्हणाली. "आणि एक पुरे झालात."

वहिनी हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.